जानेवारी सोडून कधीही

आमच्या घरात सकाळी आधी कोइंब्राचं हवामान सांगितलं जातं, मग ग्वाल्हेरचं. चहाचा कप हातात यायच्या आत रघुनाथराव, म्हणजे आमचे हे, मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून जाहीर करतात, "आज तिकडे ढग आहेत. दुपारनंतर पाऊस." असं सांगतात, की जणू दुपारी आम्हा दोघांना छत्री घेऊन तिथल्या मंडईत जायचंय. मी म्हणते, "बरं." दुसरं काय म्हणणार?

कोइंब्रा हे पोर्तुगालमधलं एक जुनं गाव. खाली नदी, वर टेकडी, टेकडीच्या माथ्यावर शेकडो वर्षांचं विद्यापीठ आणि उतारावर दाटीवाटीने घरं. आमची एकुलती एक लेक मधुवंती तिथे ओलीवर पीएच.डी. करते. जुन्या दगडी इमारतींच्या भिंतींत शिरते ती ओल. ग्वाल्हेरच्या किल्ल्याकडे बघत वाढलेल्या मुलीने दगडाचा अभ्यास करावा हे मला पटतं. पण इथे उन्हाळ्यात धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते. अशा गावची पोर ओल शोधत इतक्या लांब गेली, हे मला अजून पचलेलं नाही.

तिला तिकडे जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. मध्ये एकदाच आली, तीही चुलत बहिणीच्या लग्नाला, आणि निम्मा मुक्काम मेंदीत नि साड्यांत गेला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं काम संपणार होतं. मग नोकरी कुठे, कोणत्या देशात, कोणाला माहीत. तिचं ते गाव, तिची खोली, ती रोज चढते त्या पायऱ्या बघायच्या तर आत्ताच, नाहीतर राहिल्याच. खरं सांगायचं तर मला गावाचं एवढं कौतुक नव्हतं. मला माझी मुलगी बघायची होती, तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिने केलेला चहा पीत. एवढीशी गोष्ट, पण ती रघुनाथरावांच्या हाती पडली.

हे वीज मंडळात होते. दुरुस्तीसाठी शहराची वीज कधी बंद ठेवायची, हे ठरवण्यात यांची अर्धी नोकरी गेली. परीक्षांत नको, लग्नसराईत नको, दिवाळीत तर नकोच, उन्हाळ्यात लोक दगड मारतील, पावसाळ्यात माणसं खांबावर चढणार नाहीत. कोणालाच त्रास होणार नाही असा दिवस वर्षात नसतो, हे त्यांना नोकरीने पुरतं शिकवलं असेल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. असा दिवस असतोच, आपण नीट शोधला नाही, अशी त्यांची खात्री निवृत्तीनंतर आणखी पक्की झाली. आणि आता शोधायला एक आख्खं परकं शहर मिळालं होतं.

पहिला कौल त्यांनी न शोधताच दिला होता. ग्वाल्हेरच्या कोणत्याही माणसाने दिला असता तोच. फिरायचं तर थंडीत. आमच्याकडे पुण्या-सातारचे पाहुणे 'कधी येऊ' विचारतात, तेव्हा सगळं लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा जुना भाग, एका सुरात एकच उत्तर देतं. जानेवारीत या. ऊन कोवळं असतं, मेळा लागलेला असतो, तिळाची गजक ताजी असते, किल्ला चढताना दम लागत नाही. मेमध्ये आलात तर तुमचं तुम्ही बघा. त्यामुळे यांच्या मते जगातलं प्रत्येक शहर जानेवारीतच बघण्यासारखं असतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांनी ते मधूला सांगितलं. इथे दिवेलागण होते तेव्हा तिथे दुपार असते, त्या वेळेला आम्ही फोन लावतो. मी फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवते, म्हणजे आम्ही दोघं त्यात मावतो.

"तर मधू, आमचं जानेवारीचं नक्की," हे म्हणाले. "ठंडीत मस्त फिरता येईल."

"जानेवारी?" ती हसली. "बाबा, नहीं. जानेवारीत बिलकुल नको. इथली थंडी म्हणजे आपल्यासारखी धूपवाली नसते. सतत पाऊस. सब गीला. पायऱ्यांवरून लोक घसरतात. तुमच्या गुडघ्याचं काय होईल?"

"मग कधी?"

"कधीही या ना. मार्च, मे, सप्टेंबर. जानेवारी सोडून कधीही. आई, सांग ना यांना."

मी सांगितलं. म्हणजे मान हलवली. ती स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेत होती आणि हसत होती. मग तिने विषय बदलून मला विचारलं की चकलीची भाजणी कोणाकडून दळून आणणार.

झालं. जानेवारी गेला आणि रघुनाथरावांच्या पुढ्यात उरलेले अकराच्या अकरा महिने मोकळे पडले.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. सकाळी किल्ल्यावर फिरायला जाताना यांनी ग्वाल्हेर दरवाज्याकडची चढण धरली, कारण कोइंब्रात म्हणे एक जिना आहे ज्याचं नावच पाठ मोडणारा असं आहे, त्याचा सराव हवा. वर मानमंदिर महालाच्या भिंतीशी टेकून, घाम पुसत, बरोबरच्या मंडळींना विचारायचं की तुमच्या मते परदेशातलं जुनं शहर कोणत्या ऋतूत बघावं. त्या मंडळींतलं कोणी काठमांडूच्या पुढे गेलेलं नाही, पण मत सगळ्यांना होतं.

मार्च, तर म्हणे फुलं असतात, पण पावसाचा भरवसा नाही. जून चालला असता, पण आमच्या शेजारच्या इंदुताईंच्या नातीचं लग्न तेव्हाच. ऑगस्टमध्ये विद्यार्थी गावी जातात आणि गाव ओस पडतं. "विद्यार्थ्यांशिवाय विद्यापीठाचं गाव म्हणजे बाड्याच्या बाजारात सोमवारी दुकानं बंद असताना जाण्यासारखं," असं हे इंदुताईंना समजावून सांगत होते. सप्टेंबर सगळ्यात चांगला, पण घरचा गणपती. शिवाय गौरी. ऑक्टोबरात नवरात्र. घट कोणावर टाकून जायचं? नोव्हेंबरात पुन्हा तिकडचा पाऊस सुरू.

"भाऊजी, तुम्ही काय करा," इंदुताई माझ्याकडे बघत म्हणाल्या. त्या इथेच जन्मल्या, इथेच दिल्या, त्यांची मराठी निम्मी हिंदीच. "तुम्ही वनमालाला पाठवून द्या. तुमचं ठरायचं तेव्हा ठरत राहील. ती बेचारी भेटून तरी येऊन जाईल."

हे दुखावले. "मी काय मजेसाठी करतोय? एकदाच जायचंय. चांगलं बघायचंय."

आणि मला खरंच यांची दया आली. कारण हा माणूस लेकीचं गाव चांगलं दिसावं म्हणून झटत होता. तिथल्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकांतले किडे खायला वटवाघळं पाळली आहेत, हे यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की त्या वटवाघळांची मला घरच्यासारखी सवय झाली होती. मुलगी ज्या शहरात राहते ते शहर हे पाठ करत होते. आपल्याला दुसरं काही करता येत नाही, तेव्हा आपण पाठ करतो.

शेवटी मे ठरला. मे महिन्यात तिथल्या विद्यार्थ्यांचा मोठा उत्सव असतो. काळे डगले घालून पोरं-पोरी गावभर मिरवतात, रंगीत फिती जाळतात, रात्री गाणी म्हणतात. मधूने आधीच्या वर्षी पाठवलेले फोटो यांनी मला पुन्हा दाखवले. त्यात ती चार मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून खदाखदा हसत होती. आकाश निळंशार. इंदुताईंच्या नातीचं लग्न जूनमध्ये, म्हणजे त्याच्याही आत परत. सगळं जमून आलं. हे स्वतः सिटी सेंटरला केदारच्या ऑफिसात जाऊन आले. केदार माझ्या नणंदेचा मुलगा, लोकांना तिकिटं नि व्हिसा काढून देतो. या मामाने गेल्या काही दिवसांत त्याच्याकडून निरनिराळ्या महिन्यांची तिकिटं इतक्यांदा बघून घेतली होती की त्याने चहा मागवला आणि पुन्हा विचारलं, "मामा, पक्का ना? फिर चेंज नहीं होगा?"

"पक्का," हे म्हणाले. "सोमवारी पैसे भरतो."

मलाही बरं वाटलं. मे तर मे. सात महिने मोजायला तरी सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी हे दाल बाजारातून दिवाळीचं सामान घेऊन आले. डाळी, पोहे, आणि स्वस्त मिळाले म्हणून कांद्यांचं एक भलंमोठं पोतडं. मी ते कांदे ओट्याखाली पसरून ठेवत होते. एक घरंगळत दारापर्यंत गेला. मी उठून तो उचलला आणि तशीच उभी राहिले.

मी मूळची साताऱ्याची. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून तेव्हा सून आणायची ती दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, अशी रीत होती. मी इथे आले ती दिवाळीनंतर, आणि पहिले महिने मजेत गेले. मग एप्रिल लागला. उन्हाळा मला नवा नव्हता, पण लू नवी होती. दुपारी वारा सुटायचा तो भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. आम्ही लष्करात भाड्याच्या तीन खोल्यांत होतो. हे सकाळी जायचे ते तारा तुटल्या, ट्रान्स्फॉर्मर जळाला म्हणून गावभर फिरत रात्री यायचे. सासूबाई वाईट नव्हत्या, पण दुपारी दारं-खिडक्या बंद करून निजायच्या. मला शेजारणींची हिंदी समजायची नाही. त्यांना माझी मराठी समजायची, पण त्या हसायच्या. बंद खोलीत, अंधारात, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताटीवर पाणी मारत मी एकटी बसायचे. रडायचे नाही. रडलेलं त्या हवेत दिसतही नसावं.

बाबांनी तेव्हा निरोप पाठवून विचारलं होतं, कधी येऊ? मी शेजारच्या दुकानातून फोन लावून सांगितलं, "दिवाळीला या. संक्रांतीला या. कधीही या, बाबा. फक्त मे-जूनमध्ये येऊ नका. फार ऊन असतं." मी अगदी हसत सांगितलं. मला आठवतंय, कारण दुकानदार माझ्याकडे बघत होता.

ते जूनच्या सुरुवातीला आले. भर दुपारी. दार यांनीच उघडलं, त्या दिवशी यांना कशी कोण जाणे सुट्टी होती. बाबा दारात उभे, डोक्याला ओला पंचा, चेहरा लालबुंद, आणि सदऱ्याचा खिसा फुगलेला. खिशात कांदा. झाशीला डब्यात चढलेल्या कोणा बाईने त्यांना सांगितलं होतं, खिशात कांदा ठेवा म्हणजे लू लागत नाही, आणि स्वतःच्या पिशवीतला काढून दिला होता. माझ्या बाबांना, जे देवाचा अंगारासुद्धा लावून घ्यायचे नाहीत.

मी संतापले. पाणी द्यायचंही सुचलं नाही. "बाबा, मी येऊ नका म्हटलं होतं ना?"

"म्हणूनच आलो," बाबा म्हणाले.

बस, एवढंच. ते थोडे दिवस राहिले. मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. दुपारी आम्ही दोघं त्या ताटीच्या मागे बसायचो, ते पन्हं प्यायचे आणि साताऱ्याच्या कोणत्या आळीत काय चाललंय ते सांगत राहायचे. ताटीवर पाणी ते मारायचे. ते गेल्यावरही उन्हाळा तसाच होता, पण माझा जीव त्या घरात बसला. सोन्यासारख्या दिवसांत बाबा पुढे कितीदा आले, मेळ्यात फिरले, गजक खाऊन गेले. त्यातलं एकही येणं मला नीट आठवत नाही.

हातातला कांदा मी ओट्यावर ठेवला. मग फोन कणकेच्या डब्याला टेकवतो ती जागा दिसली आणि मला मागचे दोन हिवाळे आठवायला लागले.

मेमध्ये मधूचा फोन येतो तो धावता. "आई, बाद में करती हूँ, खाली सगळे थांबलेत." सप्टेंबरातही तेच. पण डिसेंबर लागला की तिचा फोन लांबतो. काही बोलायचं नसतं. ती म्हणते, "चालू राहू दे ना आई. तू तुझी भाजी चीर. मी माझं काम करते." आणि मग डब्याला टेकवलेल्या त्या चौकटीत ती बसून असते, भर दुपारी खांद्यावरून रजई घेतलेली, मागे खुर्चीच्या पाठीवर मोजे वाळत घातलेले. मी भाजी चिरते, फोडणी घालते, पोळ्या लाटते. ती मान वर करून विचारते, "कशाची भाजी?" आणि पुन्हा लिहायला लागते. मला वाटायचं, पोर किती मायाळू आहे. मी इंदुताईंना कौतुकाने सांगायचेसुद्धा.

मायाळू तर आहेच. पण एवढी मोठी बाई मी, स्वतः ताटीमागे बसून एकटीने उन्हाळा काढलेली, आणि समोर दिसत असून मला कळू नये?

हे बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. मी जाऊन म्हटलं, "मे नको. जानेवारी."

यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय?"

"जानेवारीत जाऊ या. केदारला सांगा."

"अगं, सोच जरा. मोठ्या मुश्किलीने ठरलंय. जानेवारीत तिथे रोज पाऊस. रोज म्हणजे रोज. मी दोन वर्षं बघतोय. नदीचं धुकं वरपर्यंत येतं, काही दिसत नाही. घरं गरम करायची सोय नसते, आत बाहेरपेक्षा जास्त गारठा. सगळे विद्यार्थी सुट्टीवर नाहीतर परीक्षेत. आणि तो जिना! ओल्या दगडावर माझा गुडघा..." हे थांबले, कारण मी वाद घालत नव्हते. मी वाद घालत नाही तेव्हा हे घाबरतात. "आणि तिने स्वतः नको म्हटलंय, वनमाला. बाकी कधीही या म्हणाली. एवढा एकच महिना नको म्हणाली."

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "हसत हसत म्हणाली."

मी आणखी काही बोलणार होते. कांद्याचं सांगणार होते. पण यांचा चेहरा बदलला. हे माझ्याकडे बघत राहिले, मग दाराकडे बघितलं. आता आम्ही कॉलनीत राहतो, हे दार वेगळं, तरी मला कळलं हे कोणतं दार बघतायत. ते दार यांनीच तर उघडलं होतं.

 यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तेव्हा मी दिवसभर बाहेर असायचो," हे म्हणाले.

"तारा तुटायच्या. तुम्ही काय करणार?"

"तरी."

आमच्या दोघांत त्या उन्हाळ्याबद्दल झालेलं हे एवढंच बोलणं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी. मी आत जाऊन चहा टाकला आणि त्यात आलं जास्त पडलं. यांनी तो कौतुक करत प्यायला.

संध्याकाळी फोन लावला. मधू नेहमीसारखी उजेडात नव्हती. तिच्या खिडकीबाहेर राखाडी दिसत होतं आणि पाण्याचा आवाज येत होता. ऑक्टोबरच होता अजून.

"बाबा, केदारदादाचा मेसेज आला," ती म्हणाली. "मे पक्का! मी खूप खूश आहे. मी सबको बोल दिया."

"मधू, मे कॅन्सल," हे म्हणाले.

"बाबा! आता काय?"

"आम्ही जानेवारीत येतोय."

ती हसायला लागली, मग थांबली. "बाबा, मजाक नका करू. मी सांगितलं ना, जानेवारी सगळ्यात खराब असतो. तुम्हाला काहीच दिसणार नाही. बाहेर पडता येत नाही. माझ्या खोलीत भिंतीला बुरशी येते जानेवारीत, आई तर पागल होऊन जाईल. कपडे वाळत नाहीत. सगळे आपापल्या घरी जातात, बिल्डिंगमध्ये कोणी नसतं. तुम्ही काय करणार इथे येऊन? नुसते बसून राहाल."

"बसू," हे म्हणाले.

"पण मी येऊ नका म्हटलं होतं ना?"

मी तोंड उघडलं होतं. पण यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. एरवी हा माणूस हॉटेलात कुठला पदार्थ मागवायचा हे तीनदा बदलतो. आता फोनकडे सरळ बघत, आवाज न चढवता म्हणाले, "म्हणूनच येतोय."

 मधूने बाह्या पुन्हा बोटांपर्यंत ओढल्या. मग तोंड बाजूला वळवलं, म्हणजे आम्हाला नुसता तिचा कान आणि मागचे ओले मोजे दिसत राहिले. पावसाचा आवाज येत होता.  मला वाटलं, चिडली. मला भीती वाटली, की आपण लेकीच्या मनातलं उगाच उकरून काढलं, तिला ते झाकूनच ठेवायचं होतं.

मग ती वळली. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं.

"डिसेंबरमध्ये नाही का येता येणार?" तिने विचारलं. आवाज अगदी लहानपणचा. शाळेच्या फाटकाशी मला पाठमोरी बघून हाक मारायची, तेव्हाचा. "सुट्ट्या लागतात तेव्हा. सगळे जातात ना, तेव्हापासून."

मी यांच्याकडे बघितलं. डिसेंबरचा यांनी कधी विचारच केलेला नव्हता. कॅलेंडर हाताशी होतं, फोन हातातच होता, एक बोट दाबलं की आख्ख्या डिसेंबरचा पाऊस समोर आला असता.

"येता येईल," हे म्हणाले.

"पक्का?"

"पक्का. केदारला आत्ता फोन करतो."

मी मान हलवत राहिले. मधूही तिकडे मान हलवत होती. आणि हे माझ्याकडे वळून, फोन चालूच असताना, अगदी गंभीरपणे विचारू लागले, "अगं, विमानात खिशात कांदा ठेवू देतात का?"

"कांदा?" मधू रडता रडता म्हणाली. "बाबा, कांदा इथे मिळतो. कांदा कशाला?"

"आल्यावर सांगते," मी म्हटलं. मग ती म्हणाली, "फोन चालू राहू दे ना आई," आणि मी तो डब्याला नीट टेकवून भाजी चिरायला घेतली.